रामभाऊंचे चार शनिवार

२००५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एका सकाळी रामभाऊ रामटेके यांच्या ध्यानात आलं, की आपल्या उजव्या अंगठ्याला काही कळत नाही. समोर व्हाइसच्या जबड्यात एक स्की, बर्फावरून घसरायला पायाला बांधायची लांब पट्टी, आवळलेली होती. तिच्या पोलादी कडेला त्यांनी नुकतीच धार लावली होती. धार बसली की नाही हे ते नेहमी अंगठा आडवा फिरवून ओळखत. नागपूरच्या एका कारखान्यात, हत्यारं बनवायच्या टूलरूममध्ये, एकोणतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि तिथले साहेब लोक मोजायचं यंत्र काढण्याआधी रामभाऊंचा अंगठा काय म्हणतो ते विचारत. आज अंगठा फिरवला आणि काहीच जाणवलं नाही. मग बाकावर रक्ताचे थेंब दिसले, तेव्हा कळलं की धार चांगलीच बसली आहे.

रामभाऊ अमेरिकेत आले ते २००१ साली, पन्नाशीत. थोरली बहीण संघमित्रा ऐंशीच्या दशकात नर्स म्हणून डेन्व्हरला आली होती. नागरिकत्व मिळाल्यावर तिने भावाचे कागद भरले आणि बारा वर्षांनी त्याचा नंबर लागला. बायको आणि मुलगी मैत्री यांना घेऊन रामभाऊ आले, कामाची सर्टिफिकिटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. एखाद्या मशीन शॉपमध्ये आपल्याला हसत घेतील अशी त्यांची कल्पना होती. पण त्या वर्षी जिकडेतिकडे माणसं कमी करणं चाललं होतं. पाच महिने घरी बसल्यावर संघमित्रानेच वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून आणली. डोंगराच्या पायथ्याशी, जिथून हायवे वर घाटात शिरतो, तिथे डेल नावाच्या माणसाचं स्कीचं दुकान होतं. त्याला हाताने धार लावता येणारा माणूस पाहिजे होता.

डेलने बोलणं फारसं केलं नाही. एक बोथट झालेली स्की आणि कानस हातात दिली. दहा मिनिटांनी त्याने स्की उजेडात धरली, कडेवरून नजर फिरवली आणि विचारलं, "हे कुठे शिकलास?"

"फॅक्टरी," रामभाऊ म्हणाले. एवढंच इंग्रजी त्या दिवशी त्यांना नीट सुचलं.

तेव्हापासून चार हिवाळे ते दुकानाच्या मागच्या खोलीत उभे होते. तिथे पाण्याखाली फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्याचं मशीन होतं. त्यावर स्की दोन्ही हातांनी दाबून धरायची, पुढे सरकवायची, परत आणायची. पाणी गार आणि मशीनची थरथर कोपरापर्यंत चढणारी. सीझनमध्ये दिवसाला साठ-सत्तर स्की हाताखालून जात. हौशी माणसांच्या स्कीचा तळ बघून रामभाऊंना त्यांचा अख्खा हिवाळा कळे. शेपटीकडची धार खाल्लेली असली तर माणूस घाबरतो, मागे रेलून उतरतो. तळाला दगडांचे लांब ओरखडे असले तर तो झाडांमध्ये, मोकळ्या डोंगरावर जातो. आणि तळ स्वच्छ असून फक्त एका बाजूची धार बोथट असली, तर तो बहुतेक वेळ कॉफी पीत बसतो.

डेलचा एक नियम होता. जो माल आपण विकतो तो आपल्या पायाला एकदा तरी बांधलेला पाहिजे. मग तो मागच्या खोलीतला माणूस का असेना. म्हणून रामभाऊ वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी बर्फावर उभे राहिले आणि पहिल्या दिवशी एकवीस वेळा पडले. हा आकडा त्यांना पाठ होता. पण सुट्टीच्या सोमवारी ते जातच राहिले. मुळात स्वभाव टूलरूमचा. एका हत्याराने काम झालं की तेच काम दुसऱ्या हत्याराने करून बघायचं. सकाळी एका जातीची स्की बांधायची, दुपारी दुसऱ्या जातीची, आणि घरी येऊन वहीत लिहायचं.

दुकानात मुख्य जाती दोन होत्या. एक ऑल-माउंटन, म्हणजे लिफ्टने, तारेवरच्या पाळण्यात बसून, वर जाऊन सगळ्या डोंगरभर उतरायची. ती वजनाला भारी, पोटात धातूचा पातळ पत्रा, आणि टाच बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट पकडणाऱ्या खटक्यात, घट्ट आवळलेली. दुसरी टूरिंग. जिथे लिफ्ट नाही तिथे स्वतःच्या पायांनी चढून जायचं, त्यासाठी ती हलकी. चढताना टाच मोकळी होते, तळाला केसाळ पट्टी चिकटवली की मागे घसरत नाही. माथ्यावर पट्टी काढायची, टाच बंद करायची आणि उतरायचं. रामभाऊंनी वहीत लिहिलं होतं, सकाळच्या कडक, मशीनने दाबलेल्या उतारावर टूरिंग स्की सैल बसवलेल्या टूलसारखी थरथरते, कापत नाही, नुसती खरवडते. ताज्या मऊ बर्फात मात्र ती झकास चालते. आणि ऑल-माउंटन घेऊन चढायला गेलं तर पायाला रुळाचे तुकडे बांधल्यासारखं वाटतं. शेवटी एक ओळ होती, 'आधी माणूस कुठे जातो ते विचारा. स्की नंतर.'

ही वही कोणी वाचत नव्हतं. मागच्या खोलीतल्या माणसाने गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही असाही दुकानाचा रिवाज होता. पुढे ट्रॅव्हिस नावाचा तिशीतला विक्रेता होता, उन्हाने रापलेला, हसतमुख. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असे तेच तो आधी बोले. मग त्याने विकलेली चुकीची स्की महिन्याभराने ओरखडे आणि तक्रारी घेऊन रामभाऊंच्या बाकावर येई. रामभाऊ ती दुरुस्त करत आणि मनातल्या मनात चरफडत.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला संघमित्राच्या घरी सहा-सात कुटुंबं जमत. त्या वर्षी वंदना झाल्यावर चहा देताना रामभाऊंच्या हातून कप सुटला. संघमित्राने फरशी पुसली नाही, आधी भावाचा हात धरला. दोन बोटं मेणासारखी पांढरी होती.

"कधीपासून होऊन राहिलं हे?"

"थंडीनं होते, ताई."

"माझ्या घरात थंडी आहे का?"

दुसऱ्याच आठवड्यात ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने सांगितलं की मशीनच्या थरथरीने बोटांच्या शिरा आणि नसा खराब होत आहेत. आत्ता मशीन सोडलं तर आहे एवढं टिकेल. अजून दोन-तीन सीझन केले तर शर्टाचं बटण लावता येणार नाही.

रामभाऊंनी हे डेलला सांगितलं. डेल वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, टेबलावरचा एक स्क्रू उचलून पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाला, "राम, माझ्याकडे दुसरं काम एकच आहे. पुढे विकायचं. पण तू बोलत नाहीस."

"मला बोलू देत नाहीत."

"ठीक आहे. नोव्हेंबरचे चार शनिवार पुढे उभा राहा. वीस जोड्या विकल्यास तर तू पुढचा माणूस. नाही विकल्यास, तर मला तू मागे पाहिजेस. तुझ्यासारखा दुसरा मिळणार नाही मला."

शेवटचं वाक्य कौतुकाचं होतं, पण रामभाऊंना त्याचाच राग आला.

पहिल्या शनिवारी तीन जोड्या गेल्या. दुसऱ्या शनिवारी चार. रामभाऊंची पद्धत ट्रॅव्हिसला चमत्कारिक वाटे. ते गिऱ्हाइकाला आधी जुनी स्की गाडीतून आणायला लावत, उलटी करून तळ बघत आणि मोडक्या इंग्रजीत सांगत, "तू डावीकडे वळताना घाबरतोस." माणूस चकित होई. कोणी हसे, कोणी चिडून ट्रॅव्हिसकडे जाई. पण जे थांबत ते घेत. तिसऱ्या शनिवारी सहा जोड्या झाल्या. एकूण तेरा. सात राहिल्या होत्या आणि शेवटचा शनिवार थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतला, दुकानात सगळ्यात जास्त गर्दीचा. रामभाऊंनी त्या आठवड्यात प्रथमच डेलला विचारलं, पुढच्या माणसांना मिळतो तो निळा शर्ट कुठल्या मापाचा शिल्लक आहे.

त्या शनिवारी अकराच्या सुमारास दुकानाचं दार उघडलं आणि मराठी ऐकू आलं. आठ माणसं होती, चार जोडपी. सगळी टेलिकॉम आणि सॉफ्टवेअरमधली, मंडळाच्या गणपतीत भेटणारी. पुढे होता सिद्धेश, पस्तिशीचा, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये छापील कागद. नाताळच्या आठवड्यात सगळे मिळून एका मोठ्या रिसॉर्टला चार दिवस जाणार होते. आजवर दोन हिवाळे भाड्याच्या स्की घेतल्या, आता स्वतःच्या घ्यायच्या ठरलं होतं. दुकानाची पाटीच होती, एकसारख्या आठ जोड्या घेतल्या तर सूट.

"अरे वा, काका, तुम्ही मराठी?" सिद्धेशला आनंद झाला. "मूळचे कुठले?"

"नागपूर."

"आडनाव?"

"रामटेके."

"अच्छा, अच्छा," सिद्धेश म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि तुम्ही इकडे सेल्सलाच, की…"

"मागे मशीनवर असतो. धार लावतो."

"अच्छा." त्याने फोल्डर उघडला. "नाही, आमचं फायनल झालंय तसं. फक्त स्टॉक चेक करायचाय. दोन महिने स्टडी केलाय मी. चौदा मॉडेल्स कंपेअर केली."

कागदावर तक्ता होता. डावीकडे स्कीची नावं, वर रकाने. वजन, चढण, उतरण, मऊ बर्फ, कडक बर्फ, टिकाऊपणा, वॉरंटी, पुढे विकली तर येणारा भाव. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण आणि शेवटी बेरीज. सगळ्यात वर पिवळ्या रंगाने रंगवलेली एक टूरिंग स्की होती. तिला ऐंशीपैकी सदुसष्ट. पहिली ऑल-माउंटन सहाव्या क्रमांकावर होती.

रामभाऊंनी तक्ता दोनदा वाचला. काम नीटनेटकं होतं, आकडेही खोटे नव्हते. पण बघता बघता त्यांच्या कानशिलाशी काहीतरी तापायला लागलं.

"हे चढणीचं काय लिहिलं आहे?"

"हां, टूरिंगला दहा, ऑल-माउंटनला झिरो. कारण ती चढतच नाही ना."

"तुमच्यातलं चढणार कोण आहे?"

आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मागे उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ, उल्हास, हळूच म्हणाले, "मी जातो तसा. दर रविवारी बुटाखाली स्नोशूच्या जाळ्या बांधून वर खिंडीपर्यंत चालत जातो. तिथून उतरताना वाटतं खरं, स्की असती तर."

"ह्यांना द्या टूरिंग," रामभाऊ लगेच म्हणाले. "ह्यांच्यासाठीच केलेली आहे ती. तुम्ही बाकीचे लिफ्टनं जाणार ना? मग हा रकाना खोडा. बेरीज पुन्हा करा, आणि बघा काय वर येते."

सिद्धेश हसला, लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तसं. "काका, रकाना खोडायचा कशाला? फीचर आहे ते. आत्ता नाही वापरलं तरी असलेलं काय वाईट? ही चढतेही आणि उतरतेही. ती फक्त उतरते. लॉजिकल आहे ना? शिवाय जोडीमागे तीन पौंड हलकी."

"हलकी आहे म्हणूनच नको म्हणून राहिलो. तिथं सकाळी आठला बर्फ फरशीसारखा असते. तिथं वजन पाहिजे. ही थरथरेल. तुम्ही अंगानं भारी आहात, वेगानं जात असाल, तुम्हाला पत्रा घातलेली कडक स्की लागेल. ह्या बाई…"

"आश्लेषा," सिद्धेशची बायको म्हणाली.

"आश्लेषाताईंना तीच जात, पण आखूड आणि मऊ. एकाच मापाचा चष्मा आठ जणांना देता का तुम्ही?"

"सिद्धेश, ऐकून तर घे ना काका काय सांगतायत," आश्लेषा म्हणाली.

"ऐकतोय ना. पण वेगवेगळ्या घेतल्या तर डिस्काउंट जातो यार. आणि शीट सगळ्यांना पाठवली होती, कोणी काही ऑब्जेक्शन घेतलं नव्हतं. आता इथे उभं राहून कॅन्सल करायचं?" तो रामभाऊंकडे वळला. "काका, प्लीज राग मानू नका. तुम्ही किती वर्षं स्की करताय?"

"चार."

"आणि तो?" त्याने ट्रॅव्हिसकडे बोट दाखवलं.

"तो जन्मल्यापासून."

"मग त्याला एकदा विचारतो. सेकंड ओपिनियन."

आता रामभाऊंनी गप्प बसायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, बरं, तुमची निवड चांगली आहे, आठ जोड्या काढतो. तेरा आणि आठ एकवीस. निळा शर्ट मिडियम मापाचा. हे गणित त्यांच्या डोक्यात स्पष्ट होतं, खिशातल्या हाताच्या बोटांवर ते तेच मोजत होते, आणि त्यातली दोन बोटं त्यांना जाणवत नव्हती. तरी तोंडातून निघालं ते असं, "त्याला विचारा. तो हो म्हणेल. तो सगळ्यांनाच हो म्हणते."

सिद्धेशचा चेहरा बदलला. तो सरळ ट्रॅव्हिसकडे गेला. ट्रॅव्हिसने तक्ता पाहिला, शीळ घातली आणि म्हणाला की एवढा अभ्यास करून आलेलं गिऱ्हाईक आयुष्यात पाहिलं नाही. वीस मिनिटांत आठ एकसारख्या टूरिंग स्की ट्रॅव्हिसच्या नावावर लागल्या. बुटांच्या मापाने बाइंडिंग बसवायला त्या मागच्या खोलीत आल्या. प्रत्येक स्कीला आठ भोकं. एकदा भोक पाडलं की माल परत नाही, हे पावतीवर ठळक छापलेलं असे. दुपारी रामभाऊंना पुढे उभं राहायची परवानगी होती, पण बाइंडिंग बसवणारा माणूस सुट्टीवर होता. एकशे अठ्ठावीस भोकं रामभाऊंनीच पाडली. उरलेल्या दीड तासात त्यांनी दोन जोड्या विकल्या. एकूण पंधरा.

डेलने संध्याकाळी पाठीवर हात ठेवला. "पंधरा म्हणजे वाईट नाही. पुढच्या नोव्हेंबरात बघू."

रविवारच्या जेवणाला संघमित्राकडे हा विषय निघालाच. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकेपर्यंत तिने एक तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आठ जोड्या विकून टाकायच्या होत्या. मरणार होतं का कोणी?"

"नाही."

"पाय मोडणार होते?"

"तसंही नाही. नुसते चार दिवस हाल होतील."

"मग त्यांचे चार दिवस मोठे, का तुझी बोटं?"

 रामभाऊंना सिद्धेशचा राग येत होता, ट्रॅव्हिसचा येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ज्याने आपलं आडनाव ऐकून दोनदा अच्छा म्हटलं, त्याच्या गुडघ्यांची काळजी आपण काऊन करावी? पण राग त्याच्यामुळेही नव्हता पूर्ण. तो तक्ता पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होता. एक रकाना खोडायचा, बस. एवढी शिकलेली माणसं. कारखान्यात एखाद्या पोराने असं हत्यार निवडलं असतं तर त्यांनी ते हातातून काढून घेतलं असतं.

"खोटं बोलता येत नाही, असं नाही ताई," ते शेवटी म्हणाले. "पण स्कीच्या बाबतीत तोंडातून निघतच नाही."

"घे," संघमित्राने भाकरी ताटात टाकली. "गरम आहे तोवर धर. बोटांना बरं वाटेल."

डिसेंबर मशीनवरच गेला. रामभाऊ आतून लोकरीचे आणि वरून रबराचे हातमोजे घालून काम करत, तरी दुपारपर्यंत तिसरं बोटही पांढरं पडायला लागलं. धार तपासायला आता ते डावा अंगठा वापरत. डावा अंगठा मात्र निम्मंच सांगे.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी ती आठही माणसं परत आली, आठही जोड्या घेऊन. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यामुळे रामभाऊंना सगळं ऐकू येत होतं. सिद्धेश आवाज चढवून नाही, पण न थांबता बोलत होता. माल सदोष आहे. कडक बर्फावर धरतच नाही. आश्लेषाचे पाय दिवसभर थरथरत होते, दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा भाड्याची स्की घेतली. बाकीच्यांनी तिसऱ्या दिवशी घेतली. आम्हाला फुल रिफंड पाहिजे. डेल पावतीवरचं ठळक वाक्य दाखवत होता. ट्रॅव्हिस कुठेतरी बूट शोधायला गेला होता.

"तुमच्या सेल्समनने आम्हाला सांगितलं नाही," सिद्धेश म्हणाला.

"सांगितलं होतं," आश्लेषा मागच्या दाराकडे बोट दाखवत मराठीत म्हणाली. "त्या काकांनी सांगितलं होतं. तू त्यांना किती वर्षं स्की करता विचारलंस."

डेलला मराठी येत नव्हतं, पण बोट कुठे दाखवलं ते त्याने पाहिलं. तो मागे आला आणि दार लोटून घेतलं.

"तू ह्यांना नको म्हणाला होतास?"

"हो."

"मग अडवलं का नाहीस?"

रामभाऊंनी मशीन बंद केलं.  चार शनिवारांत जे बोलायचं राहिलं होतं त्याचं इंग्रजीत फार थोडं झालं. "मी अडवलं. त्यामुळे ते ट्रॅव्हिसकडे गेले. त्याच्या आठ झाल्या, माझ्या पंधरा. मग भोकं पाडायला स्की माझ्याकडे आल्या. भोकं पाडताना मला कोणी विचारलं नाही. आता भोकं बुजवायला पण माझ्याकडेच येतील."

डेल खरोखर तेच सांगायला आला होता. आपल्याच माणसाने नको म्हटलं होतं, तेव्हा पावतीचा उपयोग नव्हता; आठ जोड्या परत घ्यायच्या, भोकं बुजवायची, धार लावायची आणि भाड्याच्या रॅकवर लावायच्या. गिऱ्हाइकांना बदली ऑल-माउंटन द्यायची.

"मशीनवर हे मी करणार नाही," रामभाऊ म्हणाले. त्यांनी हातमोजा काढला आणि हात डेलसमोर धरला. तीन बोटं पांढरी होती. "दोन आठवडे आहे मी. मग दुसरा बघ."

"राम, सीझनच्या मध्यात?"

"बोटांचा पण सीझन मध्यातच आहे."

डेल बाहेर गेला, पुन्हा आत आला. त्याला नुकसान दिसत होतं, आणि तो बोलण्यापेक्षा नुकसान लवकर समजणारा माणूस होता. बाइंडिंग बसवायचं बाक पुढे आणू, तो म्हणाला, दुकानात, काउंटरच्या शेजारी. ड्रिल हलकं आहे, ते तुला चालेल ना? मशीनवर मी भाच्याला बसवतो, तू त्याला शिकव. आणि भोक पाडण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाने तुझ्याशी बोलायचं. तू नको म्हणालास तर मला बोलवायचं.

"विकायचं नाही?"

"विकायला ट्रॅव्हिस आहे. पंधरा म्हणजे पंधरा."

मागितलेलं निम्मं मिळालं होतं आणि निम्मं हातातून गेलेलं होतं.  रामभाऊ हो म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी आठ जणांना एकेक करून समोर बसवलं. सिद्धेशला कडक आणि लांब, आश्लेषाला मऊ आणि आखूड, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या अंगाप्रमाणे. "सॉरी काका," सिद्धेश खाली बघत म्हणाला. "शीटमध्ये वेटेज द्यायला पाहिजे होतं प्रत्येक कॉलमला."

"शीट सोडा. कुठं जाता ते लिहा, पहिल्या ओळीत."

शेवटी उल्हास आले. त्यांनीही आपली टूरिंग जोडी काउंटरवर ठेवली.

"तुम्ही काऊन परत करून राहिले?"

"सगळे करतायत ना. मला म्हटलं, एकट्याची वेगळी कशाला."

"खिंडीत गेले होते का हिच्यावर?"

"दोनदा." उल्हासांचा चेहरा उजळला आणि लगेच अवघडला. "मस्त चालली. वर जाताना काही कळलंच नाही. पण आता ग्रुपने ठरवलंय तर…"

रामभाऊंनी जोडी उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली, जरा जोरातच. "घरी न्या. ग्रुपला मी सांगतो."

उल्हास जोडी घेऊन गेले. त्या आठांतली तेवढीच दुकानाला परत आली नाही.

बाक पुढे आलं. काच लागूनच असल्यामुळे दुपारी तिथे ऊन येई आणि हात गार पडत नसत. तिसरं बोट महिन्याभरात पूर्ववत झालं. पहिली दोन तशीच राहिली, सुधारलीही नाहीत, बिघडलीही नाहीत. अंगठ्याला धार कळे, पण पूर्वीसारखी नाही. डेलच्या भाच्याने लावलेली धार ते डाव्या हाताने तपासत आणि परत पाठवत.

गिऱ्हाईक भोकं पाडायला आलं की रामभाऊ विचारत, कुठे जाता, वर्षातून किती दिवस, आणि चढता का. दहातली तीन-चार माणसं विचारात पडत आणि स्की बदलून आणत. ट्रॅव्हिस लांबून बघत असे, पण त्याला काही म्हणता येत नसे.

फेब्रुवारीत एक उंच तरुण आला, प्लेनो नावाच्या बिनबर्फाच्या गावाहून सुट्टीवर आलेला, हातात सगळ्यात हलकी टूरिंग जोडी.

"कुठे जाणार?" रामभाऊंनी विचारलं.

"रिसॉर्ट. पाच दिवस."

"चढणार?"

"नाही. का?"

रामभाऊंनी सांगितलं. कडक बर्फ, थरथर, वजन, सगळं. आता इंग्रजी बरं जमत होतं. तरुणाने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"थँक्स. पण मला हिचा रंग आवडलाय. किती वेळ लागेल?"

रामभाऊंनी डेलकडे पाहिलं. डेलने खांदे उडवले. रामभाऊंनी स्की व्हाइसमध्ये आवळली, बुटाचं माप पेन्सिलने आखलं, ड्रिल उचललं आणि पहिलं भोक पाडलं.

"अर्धा तास," ते म्हणाले.